आप्पांच्या गाडीची पाठवणी

जहाजावर चढायची गाडी तान्ह्या बाळासारखी स्वच्छ लागते, हे एव्हाना घरात सगळ्यांना पाठ झालं होतं, कारण थोरला परदेशातून वडिलांची गाडी न्यायला आल्यापासून दुसऱ्या विषयावर बोललाच नव्हता. तिकडचं सरकार म्हणे आपल्या मातीला घाबरतं. चाकाच्या खाचेत गवताचं बी सापडलं, किंवा सीटखालून एखादी मुंगी फिरायला निघाली, तरी ते लोक अख्खी गाडी आल्या पावली परत धाडतात. म्हणून थोरला सकाळपासून गॅरेजात गाडीखाली उताणा पडून दात घासायच्या ब्रशने तिचं पोट घासत होता. ब्रश त्याने धाकट्याच्या बायकोकडून मागून घेतला होता. ती दातांची डॉक्टर. तिने मऊ ब्रश दिला आणि हिरड्यांना जपा म्हणाली.

धाकटा शेजारी बादली धरून उभा होता. या कामाचा त्याला लहानपणापासूनचा अनुभव होता. थोरला काहीतरी करायचा आणि धाकटा बादली धरायचा.

बाकीची तयारी कालच झाली होती. टाकीतलं पेट्रोल तळाला आणलं होतं. गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढला होता, म्हणजे समुद्राने नवीन काही केलंच तर त्याच्या नावावर घालता येईल. गाडीत स्वतःची म्हणून एक वस्तू ठेवायची नाही असा नियम होता, त्यामुळे आप्पांची छत्री, आप्पांचा चष्मा पुसायचा कपडा आणि आप्पांनी कधीतरी अर्धा वाचून ठेवलेला पेपर आईने बाहेर काढला होता. पेपर तिने स्वयंपाकघरात नेऊन उरलेला वाचला. दुपारी बंदराकडे नेणारा ट्रक यायचा होता. संध्याकाळपर्यंत गाडी कंटेनरमध्ये, कंटेनरला सील, आणि मग ती पुन्हा या घरात दिसायची नाही.

आप्पा जाऊन दोनेक वर्षं होत आली होती. त्या दिवसापासून गाडी जागची हलताना कुणी पाहिली नव्हती. त्याआधी मात्र ती रोज हलायची, आणि तो देखावा दोन्ही भावांनी खिडकीत उभं राहून शेकडो वेळा पाहिला होता. सकाळी आप्पा स्टिअरिंगवर बसणार, शेजारी आई. गाडी गॅरेजातून निघून गल्लीत अशी सरळ जाणार की वाटावं, कुणी पट्टी धरून रेघ मारतंय. पुढे बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी गल्ली वळायची, तिथे ती दिसेनाशी व्हायची. आप्पांचं ऑफिस आणि आईचं शिवणकामाचं दुकान एकाच रस्त्यावर. संध्याकाळी त्याच रेघेवरून दोघं परत. पोरांना मात्र गाडीत कधीच घेतलं नाही. पोरं बसली की गाडीचा तोल जातो, असं आप्पांचं मत होतं. सहली व्हायच्या त्या मामाच्या बसने. घाटात बस थांबवून मामाने सगळ्या खानदानाला एका रांगेत ओकायला बसवलं होतं, तो किस्सा घरात अजून सांगितला जातो.

गाडी चालवायला मात्र आप्पांनी दोघांनाही शिकवलं होतं. गॅरेजात, इंजिन बंद ठेवून. गाडी हातापायांनी चालत नाही, मणक्याने चालते, ही त्यातली पहिली शिकवण. थोरल्याने मणका शिकून घेतला आणि लायसन्सच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाला. आता तिकडे त्याच्याकडे स्वतःच पार्क होणारी गाडी होती. धाकट्याचं आप्पांनी नुसतं मनगट दाबून पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "तू सायकल घे." तो आजतागायत सायकलवर होता.

गाडी जावी असं धाकट्याला वाटत नव्हतं, पण ते तो बोलला नव्हता. बोलून उपयोग नव्हता, कारण त्याची स्वतःची बायको दिराच्या पक्षात होती. गॅरेज रिकामं झालं की तिथे तिचा दवाखाना व्हायचा होता. खुर्ची पसंत करून झाली होती, गुळण्यांचं पाणी कुठून बाहेर काढायचं तेही ठरलं होतं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, हा ज्याच्या हातचा चहा पुढ्यात येईल त्याच्या पक्षात असायचा. राहता राहिली आई. तिने दाखवतील तिथे सह्या केल्या होत्या. त्यानंतर ती ताटावरून अर्ध्यात उठू लागली आणि भाजी इतकी बारीक चिरू लागली की आमटीत ती शोधूनही सापडेना. खरंच द्यायचीये का गाडी, असं धाकट्याने तिला एकदा एकटं गाठून विचारलं होतं.

"आप्पांची आठवण म्हणून मागतोय तो," आई म्हणाली होती. "आठवणीला कसं नाही म्हणायचं?"

दुःख आहे, होईल कमी, अशी धाकट्याने स्वतःची समजूत घातली. दुःखाबद्दल त्याचा अभ्यास कमीच होता.

"बादली ठेव," गाडीखालून थोरल्याचा आवाज आला. मग थोरला पाठीवर सरपटत बाहेर आला, उठून बसला आणि त्याने तळहात पुढे केला. त्यावर चिखलाचा गोळा होता. ओला. त्यातून गवताची हिरवीगार काडी वर डोकावत होती, जिवंत आणि टवटवीत.

धाकट्याने चिखल पाहिला, गाडी पाहिली, मग गॅरेजची कोरडी फरशी पाहिली. दोन वर्षं बंद असलेल्या खोलीत कुणाचा तरी गरम चहाचा कप सापडावा तसं होतं ते.

"तू चालवतोस," थोरला म्हणाला.

"मला येत नाही."

"तेच म्हणतोय मी. न येता चालवतोस."

एवढ्यात धाकट्याची बायको हात पुसत बाहेर आली. चिखल तिने दोन बोटांत धरून दाताची कीड पाहावी तसा पाहिला. मग दुखणार नाही हं, असं पेशंटला सांगते त्या आवाजात तिने नवऱ्याला विचारलं, की दर गुरुवारी दुपारी तो नक्की कुठे असतो. धाकटा म्हणाला बुद्धिबळाला. ती म्हणाली, बरं, घोडा कसा चालतो सांग. धाकटा दर आठवड्याला घोडा चालवणारा माणूस, पण आयत्या वेळी गडबडून तो म्हणाला, "तिरका."

या एका शब्दावर आपला संसार टेकला आहे हे धाकट्याला स्पष्ट दिसत होतं. मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर रिकाम्या कपातून फुर्र आवाज करत चहा पीत होता. आई गाडीची समोरची काच पुसत होती. मघापासून एकच जागा.

"माती जुनी असेल," ती म्हणाली.

"ओली आहे, आई."

"जागा दमट आहे."

थोरल्याने वर, खाली, भिंतींकडे पाहिलं. दमट जागेत गवत उगवतं हे त्याला मान्य करावंसं वाटत होतं, कारण दुसरा पर्याय त्याच्या डोक्यात मावत नव्हता. तेवढ्यात कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि ही चौकशी तशीच उघडी राहिली.

ट्रक गल्लीत वळू शकत नव्हता. तो कारखान्याच्या भिंतीपलीकडे, मोठ्या रस्त्यावर, मागची फळी उतरवून उभा होता. गाडी तिथवर आपण आणायची आणि फळीवरून वर चढवायची. ट्रकवाला म्हणाला, मी आणतो की. थोरल्याने त्याला थांबवलं. आप्पांची गाडी घरातून निघणार ती आप्पांच्या मुलाच्या हाताने, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाज जरा फाटला, त्यामुळे ट्रकवाल्याने वाट सोडली.

आणि खरं सांगायचं तर गाडी निघाली ती देखणी निघाली. मणका ताठ, हनुवटी वर, गल्लीच्या मधोमध एक रेघ. हुबेहूब आप्पा. तो गाडीमागून चालत होता, शेजारी बायको अजून घोड्याचा विचार करत चालली होती, मागे आई आणि मामा.

मग वळण आलं.

पुढचं सगळं फार सावकाश झालं आणि तरी कुणाला थांबवता आलं नाही. थोरल्याने स्टिअरिंग फिरवलं, पण जरा उशिरा. मग घाबरून उलटं फिरवलं, पण जरा लवकर. गाडीचं नाक विजेच्या खांबाला लागलं आणि शेपूट भिंतीला. त्याने मागे घेतली तर भिंत किंचाळली, पुढे घेतली तर खांब. चौथ्यांदा की पाचव्यांदा गाडी गल्लीत अशी आडवी बसली की बाटलीत बूच. आतून थोरला मणका, मणका, असं पुटपुटत असल्याचं धाकट्याला ऐकू आलं. बायको पुढे होऊन आता थोडंसं उघडा, आता बंद करा, अशा सूचना देत होती, त्या नेमक्या कशाबद्दल होत्या कोण जाणे. ट्रकवाल्याने घड्याळाकडे पाहिलं आणि बंदराचं फाटक कुणासाठी थांबत नसल्याचं हळू आवाजात सांगितलं. शेवटी स्टिअरिंगकडचं दार भिंतीला चिकटल्यामुळे थोरला दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून आधी डोकं, मग पोट अशा क्रमाने बाहेर आला.

तेव्हा कारखान्याचा वॉचमन त्याच्या खोपटातून उठला. त्याने काही न विचारता आपलं स्टूल उचलून आत ठेवलं, रस्त्यातला पाण्याचा पाइप गुंडाळला आणि भिंतीशी झोपलेल्या कुत्र्याला पायाने हलकेच सरकवलं. हे सगळं त्याने रोज करत असल्यासारखं केलं. मग तो धाकट्याच्या खांद्यावरून मागे पाहत म्हणाला, "आज अशी का अडकवली, काकू?"

आईने चपला काढल्या. त्या तिने धाकट्याच्या हातात दिल्या. त्याने बादली घ्यावी तशा घेतल्या.

"सरका जरा," ती म्हणाली.

ती खांबाच्या बाजूच्या, थोरल्याच्या पोटाला न पुरलेल्या, अर्धवट उघडणाऱ्या दारातून आत शिरली आणि सरकत स्टिअरिंगवर गेली. सीट पुढे ओढली. आरसा खाली केला. डावीकडे, उजवीकडे, मागे, अशी एकदा मान फिरवली. मग गाडी मागे गेली, थबकली, अंग चोरून फिरली, आणि बुचासारखी बसलेली ती अवजड वस्तू खांब आणि भिंतीच्या मधून अशी निघाली की सुईतून दोरा. पलीकडे वेग न घालवता ती फळीवर चढली आणि ट्रकच्या बरोब्बर मधोमध उभी राहिली. हँडब्रेक ओढल्याचा आवाज खाली सगळ्यांना ऐकू आला.

थोरल्याचं तोंड उघडं होतं आणि ते तसंच राहिलं. बायकोने सवयीने आत डोकावून खालची डावी दाढ बघायला हवी अशी मनात नोंद केली. धाकट्याला आपल्या पायाखालचा रस्ता किंचित तिरका झाल्यासारखा वाटत होता. आईला गाडी येते. हे वाक्य त्याने मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं. व्याकरणाने बरोबर होतं, पण अर्थ लागत नव्हता. शिवणयंत्राला गाणं येतं म्हणावं तसं.

फक्त ट्रकवाल्याला काहीच वाटलं नव्हतं. तो चाकांना पट्टे आवळू लागला.

"कुणी शिकवलं?" थोरल्याने विचारलं. त्याने ते कुणालाच विचारलं नव्हतं, हवेत सोडलं होतं.

"मी," मामा म्हणाला. "बसवर."

"बसवर?"

"रिकामी होती."

थोरला ट्रकजवळ गेला. गाडीची काच खाली होती आणि आई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली होती, अजून कुठेतरी पोचायचं असल्यासारखी.

"आणि आप्पा?"

"सरळ छान चालवायचे," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे सरळ. वळायचं म्हटलं की त्यांचे हात गार पडायचे. खूप प्रयत्न केला, नाही जमलं. सकाळी या कोपऱ्यापर्यंत ते आणायचे, इथून पुढे मी. संध्याकाळी इथपर्यंत मी, मग ते."

"रोज?"

"रोज," वॉचमन म्हणाला. "पाऊस असला की मी छत्री धरायचो. दोघांनी एकदम उतरायचं, एक इकडून, एक तिकडून."

थोरला फूटपाथवर बसला. तिकडे त्याच्या टेबलावर आप्पांचा स्टिअरिंगवर बसलेला फोटो होता, गॅरेजात काढलेला. आप्पांनी म्हणे एका भयंकर घाटातून अंधारात गाडी काढली होती, ही गोष्ट त्याने आपल्या पोरांना इतक्यांदा सांगितली होती की पोरं त्यातली वळणं मोजून दाखवायची. धाकट्याचा हात आपोआप स्वतःच्या मनगटाकडे गेला. ज्या माणसाला कोपरा वळता येत नव्हता त्याने हे मनगट दाबून निकाल दिला होता, आणि आपण त्या निकालावर सबंध तारुण्य पायडल मारलं होतं. त्याला राग यायला हवा होता. आला तो भलताच काहीतरी, हसू आणि उमाळा यांच्यामधलं, ज्याला तोंडाचा कुठला आकार द्यायचा तेच कळेना.

"सांगितलं का नाहीस आम्हाला?" त्याने विचारलं.

"नको म्हणाले होते." आईने प्रथमच मान वळवून दोघांकडे पाहिलं. "तुम्ही दोघं खिडकीतून हात हलवायचात ना. त्या हातांसाठी ते इथपर्यंत यायचे. नाहीतर मीच दारातून घेतली असती की."



मग आईने बाकीचंही सांगून टाकलं, एकदा झाकण निघालंच आहे तर पातेलं रिकामं करावं तसं. आप्पा गेल्यावर गाडी बंद नव्हती. दुपारी सगळे कामावर गेले की ती नदीकडे जाऊन यायची, तिथे काठावर जरा चिखल असतो. वाचनालयात जाते म्हणायची ते खोटं नव्हतं, फक्त कशाने जाते ते कुणी विचारलं नव्हतं. बायकोने हे ऐकून नवऱ्याकडे पाहिलं आणि घोड्याबद्दल त्याला तूर्त माफ केल्यासारखी मान हलवली.

"मग नाही म्हणायचं होतंस मला," थोरला म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी काय हिसकावून नेणार होतो का?"

"तू आप्पांची गाडी मागितलीस," आई म्हणाली. "आप्पांनी चालवलेली ती तुझ्या डोळ्यांसमोर होती, ते चित्र मी कसं मोडू? माझी मागितली असतीस तर देणार नव्हते."

ट्रकवाला पट्टे आवळून हात झटकत आला. गाडी रिकामी लागते, आत माणूस चालत नाही, असं त्याने मावशींना आदराने कळवलं. आईने मान डोलावली. तिने किल्ली काढली, ती काचेतून थोरल्याच्या ओंजळीत टाकली, आणि धाकट्याकडे हात पुढे केला.

"चपला दे रे."

ट्रकचा पत्रा दुपारच्या उन्हात तव्यासारखा तापला होता. अनवाणी उतरणं शक्य नव्हतं. धाकट्याने हातातल्या चपलांकडे पाहिलं. आयुष्यभर त्याच्याकडे वस्तू धरायला दिल्या गेल्या होत्या आणि मागितल्यावर त्याने त्या परत केल्या होत्या. त्याने चपला पाठीमागे घेतल्या.

"नाही देणार," तो म्हणाला.

आजच्या दिवसात सगळ्यांना बरेच धक्के बसले होते, पण हा जास्त बसला असावा. मामाने तर दोन्ही भुवया वर केल्या, जे त्याने बसचे ब्रेक निकामी झाले तेव्हाही केलं नव्हतं.

"वेड्यासारखं करू नकोस," थोरला म्हणाला. "जहाज ठरलंय. कागद गेलेत पुढे. इथवर येऊन आता..."

"चपला माझ्याकडे आहेत," धाकटा म्हणाला. त्याच्याकडे दुसरा मुद्दा नव्हता.

थोरल्याने मदतीसाठी भावजयीकडे पाहिलं, कारण आठवडाभर ती त्याच्या बाजूने होती. ती कोपऱ्यावर उभी राहून गल्लीच्या टोकाला उघड्या पडलेल्या गॅरेजकडे बघत होती. तिथे तिची खुर्ची, तिचा दिवा, तिचा नळ, सगळं तिने मनात बसवून ठेवलेलं होतं. ते एकेक करून उचलायला तिला थोडा वेळ लागला.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्यांना पट्टे सोडायला सांगा."

"आणि तुझा दवाखाना?"

"दात काय, कुठेही काढता येतात."

थोरला किल्लीकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सुटत होतं आणि ते बघवत नव्हतं, म्हणून धाकट्याने वॉचमनच्या कुत्र्याकडे पाहिलं.

"तिकडे काय सांगू मी?" थोरला शेवटी म्हणाला. "पोरं वाट बघतायत गाडीची."

"सांग, चिखल निघेना," मामा म्हणाला.

थोरल्याने उठून किल्ली काचेतून आत दिली. मग तो स्वतः वाकून पट्टे सोडायला लागला, आणि चुकीच्या बाजूने ओढत असल्यामुळे ट्रकवाल्याला त्याला बाजूला करून ते सोडावे लागले.

गाडी उलटी फळीवरून खाली आली, सावकाश, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. इंजिन चालू होतं. धाकट्याने वाकून चपला आत सरकवल्या. आईने त्या घातल्या नाहीत, सीटखाली सारल्या.

"बसा," ती म्हणाली. "टाकीत काही नाही, पंपापर्यंत जाऊन येऊ."

धाकटा आणि त्याची बायको मागे शिरले. मामा म्हणाला, ताई, मी इथेच बरा, आणि वॉचमनच्या स्टुलाची चौकशी करू लागला. थोरला गाडीला वळसा घालून पुढच्या दाराशी आला. आईच्या शेजारच्या. त्याने मुठीवर हात ठेवला.

"मागे बस," आई समोर बघत म्हणाली. "ती ह्यांची जागा आहे."

थोरल्याने दाराची मूठ सोडली, ती सोडल्यावरही हात थोडा वेळ तिथेच राहिला, आणि मग त्याने मागचं दार उघडलं.